माल शाबूत

येडशी,
रविवार, ता. ११ फेब्रुवारी १९६२

तीर्थस्वरूप चन्नबसप्पा अण्णा यांच्या पायी धाकटी बहीण शांतम्मा हिचे शरणार्थ. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत (सगळे म्हणजे मी, मांजर आणि शेजारच्या अजीजाबी). इरम्मा वहिनींचा गुडघा आता कसा आहे? मी सांगितलेला निरगुडीचा शेक त्यांनी घेतला नसणार, हे मला इथं बसून दिसतं. त्यांना म्हणावं, शेक घेतल्यानं गुडघा बरा झाला नाही तरी नणंदेचं तोंड बंद होतं. मुलांना आशीर्वाद. थोरल्याच्या मागच्या पत्रातल्या अकरा चुका तांबड्या शाईनं दाखवून पत्र परत पाठवलं होतं, ते मिळालं असेल. रागावला असेल तर वाढत्या वयाचं लक्षण आहे, काळजी करू नये.

तुमचं पत्र पोचलं. पाडव्याला तुम्ही स्वतः येऊन मला सिकंदराबादेला कायमचं घेऊन जाणार, राजीनामा आत्ताच लिहून ठेव, अडतीस वर्षांची बाईमाणूस परगावी एकटी राहते हे चार लोकांत बरं दिसत नाही, आणि आपल्या घरी माडीवरची खोली रिकामीच पडली आहे, हा सगळा मजकूर वाचला. तुमची माया मला कळते. ती खोली मी पाहिलेली आहे. तुमच्या लिलावाच्या दुकानात ज्याला गिऱ्हाईक मिळत नाही ते सामान तुम्ही तिथं आणून ठेवता. मी आले होते तेव्हा तिथं तीन पायांचा एक सोफा आणि भुसा भरलेला एक वाघ होता. वाघाचा एक डोळा निखळलेला होता आणि दुसऱ्यानं तो माझ्याकडं ओळखीचा असल्यासारखा पाहत होता. असो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी पत्राच्या शेवटी देणार आहे. (तुम्ही पत्र आधी शेवटून वाचता, ही सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे. या खेपेला तसं करू नका. वहिनी, यांच्या हातून पत्र घ्या आणि तुम्ही पहिल्यापासून वाचून दाखवा.)

उत्तर समजायचं तर गेल्या पावणेदोन वर्षांत इथं काय घडलं ते सांगायला हवं, आणि त्याची सुरुवात तुमच्यापासून आहे. आमच्या कन्याशाळेतल्या शिक्षिकांनी इंग्रजीची परीक्षा द्यावी असा हुकूम निघाला होता. आमची सगळी शाळा उर्दूत झालेली. निजाम गेला, उर्दू गेली, आणि तिशी उलटल्यावर आम्ही पुन्हा एबीसीडीला बसलो. म्हणून मी तुम्हाला लिहिलं, की एक चांगलं व्याकरण पाठवा. तुम्ही काय पाठवलंत? कोण्या मडमेनं विलायतेला परत जाताना विकायला काढलेली, आणि कोणी बोली न लावलेली, चौदा जाड पुस्तकांची पेटी. पुस्तक जाड म्हणजे विषय गंभीर, असा तुमचा हिशेब. ती पेटी तुम्ही वाळवी लागलेल्या फळ्यांची निवडलीत आणि सुतळीनं बांधलीत. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून आमच्या छोट्या गाडीत चढताना सुतळी तुटली, आणि पेटी येडशीला उतरली ती पेटीच्या रूपात नव्हे, पुस्तकांच्या ढिगाच्या रूपात. (मी तेव्हाच लिहिलं होतं, की चूक सुतळीची. तुम्ही उत्तर पाठवलंत, की सुतळी उत्तम होती, हवा दमट होती. जून कोरडा गेला होता, अण्णा.)

आता पेटी फुटून आली की स्टेशनमास्तरानं आतल्या मालाची यादी करून, काय शाबूत आणि काय खराब ते लिहून, मगच माल मालकाच्या हवाली करायचा असा नियम आहे. त्या यादीच्या छापील कागदावर एक रकाना असतो : 'आतील मालाचे वर्णन'. दुसरा कोणी स्टेशनमास्तर असता तर त्यानं 'पुस्तके, नग चौदा' असं लिहून हात झटकले असते. आमच्या स्टेशनला शिवलिंग मास्तर आहेत. वय त्रेचाळीस, बायको बारा वर्षांपूर्वी विषमज्वरानं गेली, मूलबाळ नाही, कोटाची सगळी बटणं जागेवर. माणूस इतका नेमका, की गाडी चार मिनिटं उशिरा आली तर स्वतःच्याच घरी पाहुणा उशिरा आल्यासारखा ओशाळतो. त्यांना वाटलं, न वाचता वर्णन कसं लिहायचं? म्हणून ते वाचायला बसले. दिवसाला जाणाऱ्या-येणाऱ्या मोजक्या गाड्या, मधे सगळा वेळ मोकळा. चौदा पुस्तकांना पाच आठवडे लागले. मी तीनदा जाऊन विचारलं, तीनदा उत्तर मिळालं, की तपासणी चालू आहे.

शेवटी पुस्तकं मिळाली तेव्हा यादीवर सही करताना मी ते वर्णन वाचलं. त्यातलं थोडं उतरवून देते, कारण मूळ कागद रेल्वेच्या दप्तरात आहे आणि तिथं तो कोणी वाचील अशी आशा नाही. 'नग १. एक सरदार, गर्विष्ठ. एक मुलगी, गरीब परंतु तोंडाळ. पान २९० वर समेट. माल शाबूत.' 'नग ४. जुळ्या बहिणी, घोटाळा, आत्याबाईंमुळे विलंब. माल शाबूत.' 'नग ९. नायक पहिली शंभर पाने मूर्ख, पुढे सुधारणा. मागील पुठ्ठ्यास वाळवी. नायकास धक्का नाही.' मी भडकले. म्हटलं, माझा माल तुम्ही पाच आठवडे वाचत बसलात? तर मास्तर शांतपणे म्हणाले, "बाई, रकाना हाय. रिकामा कसा सोडायचा?" आणि मी पाठ फिरवल्यावर मागून म्हणाले, "नववं आधी वाचू नका. सातव्यानंतर वाचलं तर जास्त हसू येतंय."

मी हट्टानं नववंच आधी वाचलं. रात्री भाकरी टाकायची राहिली, मांजर उपाशी झोपलं.

अण्णा, तुम्ही आयुष्यभर साहेबांचं सामान विकलंत, पण त्या सामानात ही काय चीज होती हे तुम्हाला कळलं नाही. चौदाही पुस्तकं एकाच बाईंनी लिहिलेली. गोष्टी दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतल्या. राजाला वेड लागलेलं, म्हणून राज्य युवराजाच्या हाती, आणि युवराजाचं सगळं लक्ष कपड्यांत आणि ताटात. तिकडं फ्रान्सशी लढाई पेटलेली आहे, पण पुस्तकातल्या लोकांपुढं त्याहून बिकट प्रश्न एकच : थोरलीचं लग्न कसं जमायचं. प्रत्येक घरात एक आत्या, जी दाराआडून जावयाची मिळकत विचारते. प्रत्येक मेजवानीत कोण कोणाच्या आधी जेवायला उठायचं यावरून रुसवा. ड्यूक मोठा की अर्ल, ही उतरंड इतरांना पाठ करावी लागत असेल. आपण निजामाच्या राज्यात वाढलेली माणसं, जंगच्या वर दौला आणि दौलाच्या वर मुल्क हे खिताब आपल्याला पाढ्यांच्या आधी आलेले. मला तर पहिल्या पन्नास पानांत वाटलं, की हे लोक इंग्रजी बोलतात एवढंच, बाकी सगळे तुळजापूर रस्त्यावरचेच आहेत.

आणि विनोद कसा? कोणी घसरून पडत नाही, कोणाचं धोतर सुटत नाही. शहाणी मुलगी मूर्खांच्या बैठकीत तोंड सरळ ठेवून बसलेली असते आणि मनातल्या मनात हसत असते, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका माणसाला ते हसू दिसतं. एवढंच. पण ते वाचताना असं वाटतं, की आपणही इतकी वर्षं सभांत, शाळांत, हळदीकुंकवात तोंड सरळ ठेवून बसलो, आणि दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. त्या बाईंनी अभ्यास तर असा केलेला आहे, की थक्क व्हावं. त्या काळी पत्राचा खर्च पाठवणाऱ्यानं नव्हे तर घेणाऱ्यानं द्यायचा असे, म्हणून चिक्कू आत्या पत्र न फोडताच परत करते. (ही पद्धत आज असती तर तुम्ही माझं एकही पत्र सोडवून घेतलं नसतं.) टोपीची फीत कुठं मिळते, मेणबत्ती कितीची लावली तर घर श्रीमंत दिसतं, पाहुण्यानं किती मिनिटांनी उठावं, सगळं त्यांना ठाऊक; पण ती माहिती करंजीतल्या मोहनासारखी, दिसत नाही, नुसती खुसखुशीत लागते. आणि हो, तिथं सव्वीस वर्षांची अविवाहित मुलगी म्हणजे थोराड झाली. ती डोक्याला एक पांढरी टोपी घालते आणि कोपऱ्यात लोकर विणत बसते, म्हणजे आता माझा विचार कोणी करू नये अशी खूण. ते पान वाचताना मी आधी हसले आणि मग हसायची थांबले.

या वाचनाचे परिणाम शाळेवर झाले, ते मी तुमच्यापासून लपवले होते. नग तीनमध्ये मोठ्या माणसाला पाहिलं की मुली गुडघ्यात किंचित वाकून मान लववतात, असं आहे. मला ते फार गोड वाटलं, म्हणून चौथीच्या मुलींना शिकवलं. पुढं तपासणीला साहेब आले. ते दारात येताच एकतीस मुली एकदम गुडघ्यात वाकल्या. साहेब दचकले. त्यांनी मला काही विचारलं नाही, पण शेरेबुकात लिहून गेले, की मुली अत्यंत अशक्त असून उभं राहताना गुडघ्यांत मोडतात, तरी दुधाची भुकटी ताबडतोब पाठवावी. दोन पिंप आली. आजही मधल्या सुट्टीत आमच्या मुली दूध पितात ते त्या विलायती बाईंच्या कृपेनं, आणि हे फक्त मला आणि शिवलिंग मास्तरांना ठाऊक आहे.

मास्तरांना कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. (वहिनींनी तर मघाशीच विचारलं असेल.) तर त्याचं असं झालं, की पुस्तकं वाचून झाल्यावर ती कोणाशी तरी बोलावीशी वाटतात, आणि येडशीत ती वाचलेला दुसरा प्राणी एकच. म्हणून दर गुरुवारी सायंकाळची गाडी गेली की स्टेशनाबाहेरच्या निंबाखाली आमची बैठक बसू लागली. लोकांनी बोलू नये म्हणून अजीजाबींना बरोबर नेत असे. त्या साठीच्या, शाळेचे गणवेश शिवतात. पुस्तकांतही तरुण मुलीबरोबर अशी एक वयस्क बाई असतेच, आणि ती बरोबर ऐनवेळी झोपते. अजीजाबीही शिवण मांडीवर घेऊन पाचव्या मिनिटाला डोळे मिटत. वर्षभरानं एकदा मी सहज म्हटलं, की अजीजाबी, तुम्हाला झोप फार चांगली लागते. तर म्हणाल्या, "म्या डोळं मिटतीया बाई. कान न्हाय."

चौथे मेंबर वली टांगेवाले. ते गिऱ्हाइकाची वाट पाहत जवळच उभे असत. आम्ही घोड्यांचं वर्णन मराठीत सांगायचं आणि त्यांनी तपासायचं, अशी वहिवाट पडली. कोणतं घोडं कोणत्या पायानं लंगडतं, किती मैलांवर दम टाकतं, यात त्यांनी सव्वा वर्ष त्या बाईंची चूक शोधली आणि एक सापडली नाही. शेवटी म्हणाले, "लिहिणारी टांगेवाल्याची लेक असंल." त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मी ऐकलेलं नाही.

भांडण झालं ते नग अकरावरून. त्यात नायिकेची धाकटी बहीण एका लफंग्याबरोबर पळून जाते. विलायतेत आईबापांच्या संमतीवाचून लग्न लागत नाही, पण स्कॉटलंडची हद्द ओलांडली, की पहिल्याच गावात लोहार सुद्धा लग्न लावून देतो. (आपल्याला हे समजावून सांगायला नको. निजामाच्या हद्दीत जे जमत नसे ते पलीकडं बार्शीत जमे; तुम्ही स्वतः झेंडे छापून घ्यायला तिथं गेला होतात.) तर नायक, तोही एक सरदारच, मागाहून चौघोडी गाडीत निघतो, रात्रंदिवस धावतो आणि हद्दीच्या अलीकडं त्यांना गाठतो. पळणाऱ्यांच्या वेळा पुस्तकात दिलेल्या आहेत. सरदाराच्या फक्त घोडे बदलायच्या जागा, एकोणीस. आता आमच्या मास्तरांची कामाची रीत अशी, की कोणतीही हालचाल त्यांना आलेखावाचून दिसत नाही. रेल्वेत एक मोठा चौकटीचा कागद असतो, आडवे तास आणि उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची त्यावर एक तिरकी रेघ. एकेरी लायनीवर दोन रेघा भलत्या जागी भेटल्या तर माणसं मरतात, म्हणून त्या रेघांवर त्यांची देवासारखी श्रद्धा. त्यांनी सरदाराची रेघ काढली, आणि एका गुरुवारी कागद माझ्यापुढं पसरून खाली मान घालून म्हणाले, की सरदार पावणेदोन तास उशिरा पोचतो. लग्न लागून गेलेलं असतं.

माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, बाईंची चूक होणार नाही. ते म्हणाले, दहा मिनिटं प्रत्येक ठिकाणी घोडे बदलायला धरली आहेत, रेघ बघा. तेव्हा वली मागून म्हणाले, "धा मिन्टं कशाला? घोडं म्हंजी काय इंजन हाय व्हय, पानी भरायला?" पण त्यांच्याकडं आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही, कारण आता भांडण घोड्यांचं राहिलं नव्हतं. मी म्हणाले, पुस्तक खोटं नाही, तुमचा आलेख खोटा आहे. अण्णा, रेल्वेच्या माणसाला हे म्हणणं म्हणजे पुजाऱ्याला पिंड खोटी म्हणण्यासारखं. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "आलेख खोटा असला तर मान्सं मरत्यात, बाई. कादंबरी खोटी असली तर कुनाचं काय जातंय?" मी उठले, अजीजाबींना उठवलं (त्या जाग्याच होत्या) आणि घरी आले. मला फार लागलं. कादंबरी खोटी असली तर माझं बरंच काही जात होतं.

ते ऑक्टोबरात. त्यानंतर साडेतीन महिने मी स्टेशनाकडं फिरकले नाही. वलींनी बातमी आणली, की मास्तरांनी आलेखाची नक्कल करून, वर इंग्रजीत चार पानी पत्र लिहून, पुस्तकावरच्या छापखान्याच्या पत्त्यावर त्या बाईंना विलायतेला पाठवलं आहे. मी म्हटलं, पाठवू देत. गुरुवार यायचा आणि फार लांब व्हायचा. मी पुस्तकं पुन्हा वाचायला घेतली, पण हसू आलं की मान वर करून पाहायची सवय लागली होती, आणि समोर मांजर असे. तुमचं पत्र आलं ते याच दिवसांत. मी खरं सांगते, मी राजीनामा लिहिला. चांगल्या कागदावर, सुवाच्य अक्षरात. वाघ आणि सोफ्याशेजारी कॉट कुठं लावायची हेही मनात ठरवलं. पांढऱ्या टोपीला तरी काय लागतं, एकदा घातली की डोक्याला सवय होते. मंगळवारी तो कागद पिशवीत घालून मी शाळेत गेले, संध्याकाळी टपालात टाकायला.

तिसऱ्या तासाला, मी चौथीला त्रैराशिक शिकवत असताना, शिवलिंग मास्तर वर्गाच्या दारात आले. गणवेशाचा कोट, सगळी बटणं लावलेली, हातात विलायती शिक्क्याचं पाकीट. एकतीस मुली गुडघ्यात वाकल्या. त्यांनीही कोणाला कमीपणा वाटू नये म्हणून थोडं वाकून घेतलं. मग सगळ्या वर्गासमोर, हजेरीला उभं राहिल्यासारखे, म्हणाले, "बाई, चूक माझी होती. घोडं बदलायला दोन मिन्टं लागत्यात, धा न्हाय. पुस्तक खरं हाय. आलेख खोटा होता." विलायतेच्या त्या बाईंनी स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं होतं : सरायीत चार माणसं साज चढवलेले घोडे घेऊन तयार उभी असत, दोन मिनिटांत गाडी पुढं, आणि पुरावा म्हणून त्या काळच्या एका गाडीवानाच्या रोजनिशीतला उतारा. खाली लिहिलं होतं, की इतक्या बारकाईनं माझी चूक काढायचा यत्न आजवर कोणी केला नाही, मी आभारी आहे. वर्गाला यातलं अक्षर कळलं नाही. फक्त पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, की मग गाठलं का? मास्तर तिच्याकडं वळून म्हणाले, "गाठलं. पाऊन तास आधी."

अण्णा, अडतीस वर्षांत मी वडील पाहिले, नवरा पाहिला (तीन वर्षं, मग तो वारला, देव त्याच्या आत्म्याचं भलं करो), तपासणीचे साहेब पाहिले, तुम्ही आहातच. 'चूक माझी होती' हे वाक्य कोणा पुरुषानं चारचौघांत, कोणी विचारलेलं नसताना, दीड मैल चालत येऊन म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. (सुतळी आठवा.) माझ्या हातातला खडू मोडला. मी मुलींना उजळणी म्हणायला लावली आणि मास्तरांना म्हटलं, की नवी रेघ काढून दाखवा, मला खात्री करायची आहे. त्यांच्याकडं कागद नव्हता. मी पिशवीतून हाताला लागला तो कागद दिला, आणि त्यांनी त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर निळ्या पेन्सिलीनं एकोणीस मुक्काम मांडले. रेघ बरोबर जागी पोचली. मी कागदाची घडी करून तो पुन्हा पिशवीत ठेवला.

असो, पत्र लांबलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. तुम्ही वडील बंधू, वडिलांच्या जागी. माझ्या भल्याचाच विचार कराल. तुम्ही सांगाल त्याच्या बाहेर मी नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची आज्ञाधारक बहीण,
शांतम्मा

ता. क. : त्याच मडमेच्या सामानात आणखी काही पुस्तकं असली तर कृपा करून पाठवावी. सुतळीनं बांधू नये.

आणखी ता. क. : मास्तर उद्याचा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी, एकोणीस तारखेला, सकाळी तुमच्या दारात येतील. आपल्या लिंगायतांत विधवेच्या दुसऱ्या लग्नाला मज्जाव नाही, आणि या वयात मला कोणाची परवानगी लागत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, चौदाच्या चौदा पुस्तकांत मुलीच्या वडीलधाऱ्याला आधी विचारतात, एकही अपवाद नाही. त्यांना बैठकीत बसवा. ते स्वतःविषयी एक यादी लिहून आणणार आहेत, ती हसू येऊ न देता वाचा. मी पाहिली आहे. 'वय त्रेचाळीस. डावीकडील एक दाढ नाही. स्वभावात हट्ट, पुराव्याने सुधारतो. बाकी माल शाबूत.' चहात साखर कमी घेतात.

शेवटचं ता. क. : सोबत राजीनामा जोडला आहे, तुम्ही मागितला होता म्हणून. तो शाळेला द्यायचा नाही. मागची बाजू पाहा. निळी रेघ सरदाराची. तिच्या खाली तांबडी रेघ आहे ती, तुम्ही नाही म्हणालात तर, आमची : येडशी ते बार्शी, पहाटेची पहिली गाडी, तिथून लग्न लावून देणाऱ्या स्वामींच्या मठापर्यंत टांगा. वली आदल्या दिवशीच टांगा घेऊन बार्शीला जाऊन थांबतील, भाडं घेणार नाहीत, आणि अजीजाबी डोळे मिटायला बरोबर येणार आहेत. तुम्ही सिकंदराबादेहून तार मिळताच निघालात असं धरून तुमचीही रेघ मास्तरांनी काढली आहे, कुर्डुवाडीला गाडी बदलायला दोनच मिनिटं देऊन. मी दोनदा तपासली. तुम्ही पावणेदोन तास उशिरा पोचता.